टिलीने बांधलेली गाठ

अलोइस वोंड्राक वाद्यवृंदात काय करतो हे कळलं की लोक आधी हसत. माणूस एकतीस वर्षं झांज वाजवतो म्हणजे नेमकं काय करतो? तर बसतो. काळा कोट घालून, शेवटच्या रांगेत, नगाऱ्यांच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून बसतो आणि आवर्तनं मोजतो. मोजता मोजता कधीतरी उठतो, एक ठोका देतो, परत बसतो. हसणाऱ्यांचं तरी काय चुकलं म्हणा. अलोइस स्वतःच म्हणायचा, "माझी जन्मभराची वाजवणी एकापाठोपाठ लावलीत तर एक रविवारसुद्धा भरायचा नाही."

टिली मात्र हसली नव्हती. शहराच्या ओट्टाक्रिंग वस्तीतल्या जीनगराची ती पोर. घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवणाऱ्या बापाच्या हाताखाली वाढलेली, गाण्याबजावण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं तिला. झांजेच्या मधल्या भोकातून चामड्याचा पट्टा ओवतात आणि आतल्या बाजूने त्याला चार पदरी गाठ मारतात. ही गाठ सुटली तर दोन किलोचं पितळ भर कार्यक्रमात व्हायोलिनवाल्यांच्या डोक्यात जायचं. तर हे पट्टे करून घ्यायला अलोइस त्या दुकानात गेला आणि पट्टे घेऊन निघायचं सोडून बोलत बसला. बोलायला बसला की त्याला थांबवणं कठीण.

"हायडन तसा भला माणूस," तो सांगू लागला. "नव्याण्णव सिंफन्या होईपर्यंत त्याला माझी आठवण झाली नाही, पण शंभराव्या वेळी झाली ती लष्करी थाटात. मोत्झार्टने ऑपेरात तुर्कांच्या नावाखाली बोलावलं, सिंफनीत मात्र कधी दार उघडलं नाही. बेथोव्हेनने आठ वेळा बाहेर उभं ठेवलं आणि नवव्या वेळी, तेही अगदी शेवटी, आत घेतलं. शूबर्ट, मेंडेल्सन, शूमान यांच्या सिंफन्यांत काम मागायला जाऊच नये. ब्राम्सने चार सिंफन्यांत ट्रँगलवाल्याला एकदा कॉफी पाजली, मला पाणीही विचारलं नाही. द्वोर्झाकने नव्या जगाच्या सिंफनीत एक ठोका दिला, पण इतका हळू की बायकोलासुद्धा कळू नये. आणि माहलर म्हणजे लग्नघर. तिथे आम्हाला बसायला वेळ नाही."

"आणि तुला आवडतं कोण?" टिलीने विचारलं.

"ब्रुकनर. त्याची सातवी सिंफनी. एक तासाच्या वर चालते, त्यात माझा ठोका एक. संथ भागात एकशे शहात्तर आवर्तनं मोजायची आणि एकशे सत्त्याहत्तराव्याला उठून वाजवायचं. जे काही तासभर साठत आलेलं असतं ना, ते तिथे फुटतं. त्या एका ठोक्यासाठी मी ही नोकरी धरली."

टिली ऐकायला गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाकीचे सगळे काय करत होते देव जाणे. तुझं तेवढं कळलं."

त्या वर्षी त्यांचं लग्न झालं, आणि तेव्हापासून अलोइसच्या झांजेची गाठ दुसऱ्या कुणी बांधली नाही. अडतीस साली राजवट बदलली, माहलर ज्यू म्हणून त्याची पानं कपाटात गेली, सात वर्षं बाहेर आली नाहीत. अलोइसने तोंड मिटून जे समोर आलं ते वाजवलं. कुणी विचारलं तर त्याबद्दल तो काही सांगत नसे, आणि आपणही विचारू नये. टिलीने त्या सात वर्षांतही गाठी बांधून दिल्या, पण रेडिओ लावला नाही. लढाई संपली, चार परक्या फौजा शहरात येऊन बसल्या, छप्पर फुटलेल्या सभागृहात कोट घालून लोक पुन्हा ऐकायला येऊ लागले, तेव्हा तिने धूळ पुसून रेडिओ लावला. आता तिला सभागृहात जाणं झेपत नव्हतं. पायांना सूज यायची, चार पावलांत दम लागायचा. मग तिने खाटेवरून ऐकायला सुरुवात केली. तासन्तास कळत नसलेलं संगीत ऐकायची, झांज वाजली की मान हलवायची, आणि तो घरी आला की म्हणायची, "ऐकलं तुला."

एक्कावन्न सालच्या मार्चमध्ये पाटीवर ब्रुकनरची सातवी लागली. रविवारी सकाळी अकराचा कार्यक्रम, आधी हायडनची एक छोटी सिंफनी, मध्यंतर, मग ब्रुकनर, आणि सगळं रेडिओवरून थेट. अलोइसच्या निवृत्तीला तीन महिने होते. टिलीच्या डॉक्टरने तर जिन्यात गाठून त्याला सांगितलं होतं, की उन्हाळ्याचे बेत करू नका. म्हणजे ही शेवटची सातवी होती, दोघांचीही. दोघांनाही ते ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

बुधवारच्या तालमीला अलोइस पोचला तर त्याच्या स्टँडवर पानंच नव्हती.

त्याला वाटलं, नेहमीसारखा ग्रंथपालाचा गोंधळ. त्याने शेजारच्या सेवेरिनला विचारलं. सेवेरिन नगारे वाजवायचा, बावीस वर्षं दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसत.

"तुझं पान छापलेलंच नाही," सेवेरिन म्हणाला. "नवी प्रत आहे. त्यातून तुझा ठोका काढलाय. माझा त्या जागचा गडगडाटही गेला, तेवढाच माझ्या मनगटाला आराम."

"काढलाय म्हणजे?"

"म्हणजे नाही. जा, साहेबाला विचार."

साहेब म्हणजे डॉक्टर एगोन श्टाडलर, नवे संचालक. वय चौतीस, चष्मा, आवाज कधी वर नाही. आरडाओरडा करणारे संचालक अलोइसने डझनभर पचवले होते, या हळू बोलणाऱ्याची त्याला भीती वाटायची.

"हेर डॉक्टर, माझा ठोका," अलोइस म्हणाला.

"हो, हेर वोंड्राक. तुम्हाला कळवायला हवं होतं, राहून गेलं. ब्रुकनरच्या हस्तलिखितात झांज मुळात नाही. नंतर एक चिठोरं चिकटवलंय, त्यावर ती लिहिली आहे. आणि त्या चिठोऱ्यावर कुणीतरी लिहून ठेवलंय, 'ग्राह्य नाही'."

"कुणीतरी म्हणजे कुणी?"

"त्यावर वाद आहे."

"मग वाद मिटेपर्यंत वाजवू की. मी एकतीस वर्षं वाजवतोय."

"ते माहीत आहे मला. पण मित्रांच्या आग्रहाला बळी पडून त्या बिचाऱ्या माणसाने जे जे घुसडलं, ते काढून त्याचं त्याला परत द्यायचं, असा माझा प्रयत्न आहे." डॉक्टरने चष्मा काढून पुसला. "तुम्ही रविवारी घरी राहा. पत्नीची तब्येत बरी नसते ना? तिच्याजवळ बसा."

माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर अलोइसला तोंडावर चार शब्द सुनावता आले असते.

घरी येताना त्याने ठरवलं की आजच टिलीला सांगून टाकायचं. तो आत आला तर टिली उशीला टेकून बसली होती, मांडीवर झांजेचे जुने पट्टे, बाजूला चरबीची डबी.

"हे पट्टे गेलेत रे. चीर पडलीय," ती म्हणाली. "माळ्यावर बाबांच्या पेटीत चांगलं कातडं आहे अजून, काढ ते. रविवारी तुझी फजिती नको."

"अगं, असू दे. चालतील हे."

"चालतील काय? फेब्रुवारीत तू तालमीत चक्कर येऊन पडलास तेव्हा मी काही बोलले नाही. पण तू उभा आणि झांज खाली, असं मी होऊ देणार नाही."

त्याने माळ्यावरून कातडं काढून दिलं. सांगायचं राहिलं. गुरुवारी सांगायचं ठरलं, तर गुरुवारी ती गाठ मारायला बसली. पूर्वी बोलता बोलता पाच मिनिटांत गाठ व्हायची, त्या दिवशी दोन तास गेले. सुजलेल्या बोटांत पदर धरवेना. एक पदर दातात धरून ओढायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा ओढायची. कपाळावर घाम. अलोइस म्हणाला, "दे, मी ओढतो," तर तिने त्याचा हात झटकला.

"तू वाजव. हे माझं आहे."

गाठ झाली तेव्हा तिने झांज उचलून धरायला लावली, खाली ओढून पाहायला लावली, आणि मग डोळे मिटून पडली. "आता मी गेल्यावरसुद्धा टिकेल," ती म्हणाली. यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होता तो?

शनिवारपर्यंत त्याने निराळंच काही ठरवून टाकलं होतं. रविवारी जायचं. बसायचं. आणि एकशे सत्त्याहत्तराव्याला उठून वाजवायचं. काढतील नोकरीवरून, तर काढू देत. तीन महिने आधी गेला म्हणून काय आभाळ कोसळणार होतं? पेन्शनीत खोट आली असती, तीही त्याने मनात सोसून टाकली. टिलीने ऐकलं की झालं. बाकी जगाने आणि डॉक्टर श्टाडलरने आपापलं पाहून घ्यावं.

रविवारी त्याने झांजा पिशवीत घातल्या. तळमजल्यावर राहून इमारतीची राखण करणारी फ्राउ स्मेकाल रेडिओ लावून द्यायला वर आली होती.

"आज नवरोबांचा मोठा दिवस ना?" ती म्हणाली. "तासभर बसून एकदा हात हलवायचा. आमच्या स्मेकालला ही नोकरी मिळाली असती तर शंभर वर्षं जगला असता."

टिली हसली. हसताना तिला खोकला आला. अलोइस दारात असताना ती म्हणाली, "नीट उभा राहा. आणि मला कळेल असं वाजव."

"वाजवीन," तो म्हणाला.

मागच्या दाराचा पहारेकरी जुना होता, त्याने काही विचारलं नाही. हायडन संपला, मध्यंतर झालं आणि ब्रुकनर सुरू व्हायच्या आधी अलोइस आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. सेवेरिनने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लोइस, काय बेत आहे?"

"बसतोय नुसता. जुनी खुर्ची आहे माझी."

"त्या पिशवीत पाव-चीज नाहीये एवढं मला कळतं."

"तू तुझे नगारे सांभाळ."

तेवढ्यात संचालक आले आणि सगळे ताठ झाले.

पहिला भाग गेला. दुसरा सुरू झाला आणि अलोइस मोजू लागला. समोर पान नव्हतं, त्याला गरजही नव्हती. एकशे पन्नासला त्याने झांजा पिशवीतून काढल्या, एकशे साठला पट्टे हातात घेतले. कातडं नवं, चरबीने मऊ झालेलं, गाठ तळव्याला टोचत होती. एकशे सत्तरला तो उभा राहिला. संचालकाने त्याला पाहिलं. पाहिलंच. हाताचा ताल चुकला नाही, पण चष्म्यामागचे डोळे त्याच्यावर खिळले आणि डॉक्टरने अगदी किंचित मान हलवली, नको म्हणून. अलोइसने नजर काढून घेतली. एकशे पंचाहत्तर. झांजा छातीशी आल्या. एकशे शहात्तर.

आता जे झालं ते त्याला पुढे कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. एकतीस वर्षांत ती जागा त्याने कधी ऐकलीच नव्हती. कशी ऐकणार? त्याच्या आधीच्या क्षणी डोक्यात आकडे असायचे, आणि मग कानापासून हातभर अंतरावर पितळ आदळायचं, की पुढचं काही ऐकू यायचं नाही. या वेळी नगारे गप्प होते. खालून तंतुवाद्यं चढत आली, तुताऱ्या आल्या, आणि सगळं मिळून इतकं स्वच्छ, इतकं मोठं उघडलं की तो हात वर धरून नुसता ऐकत राहिला. एवढं सगळं इथे रोज होतं? आपण मोजत असताना, आपल्या मागे, आपल्याशिवाय? त्यात भर घालावी अशी जागा कुठे नव्हती. त्याच्या छातीत कळ आली, आनंदाची की दुःखाची हे त्याला कळलं नाही, आणि ते कळायच्या आत एकशे अठ्ठ्याहत्तरावं आवर्तन सुरू झालं होतं.

ठोका गेला.

झांजवाल्याचा गेलेला ठोका परत घेता येत नाही. व्हायोलिनवाला एक सूर चुकला तर पुढच्या सुरात सावरतो. झांजवाला एक आवर्तन उशिरा वाजला तर तो वेडा तरी ठरतो नाहीतर दारुडा. अलोइस हात वर धरून उभा होता, सगळ्या सभागृहाने त्याला पाहिलं. मग तो हळूच खाली बसला. सेवेरिनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "शहाणा आहेस," तो कुजबुजला. अलोइसला त्या शब्दाची किळस आली.

संपल्यावर संचालक मागे आले, हात पुढे केला. "आभारी आहे, हेर वोंड्राक. मला क्षणभर वाटलं होतं..."

"मलाही," अलोइस म्हणाला, आणि कोट तसाच अंगावर ठेवून निघाला.

ट्राममध्ये त्याने सांगायची वाक्यं जुळवली. सरळ सांगायचं, नव्या प्रतीत ठोका नाही. ते खरंच होतं. पण मग ती विचारणार, कधी कळलं तुला? बुधवारी. म्हणजे गुरुवारी मी बोटं मोडून घेत होते तेव्हा तुला माहीत होतं? आणि ठोका नव्हताच तर पिशवी घेऊन गेलास कशाला? वाजवायला. मग वाजवलं का नाही? ऐकत होतो. हे शेवटचं तर तो स्वतःशीसुद्धा उच्चारू शकत नव्हता. तिने इतकी वर्षं सगळ्या वाद्यवृंदातून एकट्या त्याला ऐकलं, आणि नेमक्या शेवटच्या वेळी त्याने बाकीच्यांना ऐकलं.

इमारतीच्या दारात येताच त्याला वरून बायकांचे आवाज आले. तो जिना चढू लागला. पहिल्या मजल्यावरच्या पायरीवर टिली बसली होती. झोपायच्या झग्यावर कोट, एका पायात त्याचा बूट, दुसरा पाय उघडा. ओठ निळे पडले होते. फ्राउ स्मेकाल तिला धरून होती.

"मी खाली बटाटे उकडत लावायला आले होते हो," फ्राउ स्मेकाल रडकुंडीला येऊन म्हणाली. "पाठ वळली माझी तेवढ्यात ही उठली. तिसऱ्या मजल्यावरून इथवर आली. म्हणते, सभागृहात जायचंय, लोइस पडलाय."

टिलीने मान वर केली. त्याला पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला बघवेना. तिने त्याची बाही धरली, चाचपून पाहिली.

"उभा आहेस," ती म्हणाली.

"आहे. आहे गं. हे काय केलंस तू?"

"वाजलं नाही." तिला एकेका शब्दाला दम लागत होता. "मी वाट बघत होते. ते सगळे वर वर गेले, मला कळलं आता तू, आणि नाहीच आलास. म्हटलं गेला. फेब्रुवारीसारखा पडला आणि ते मेले वाजवतच बसलेत."

"नाही गं. मी ठीक आहे."

"मग वाजवलं का नाहीस?"

फ्राउ स्मेकालही बघू लागली. ट्राममध्ये जुळवलेलं एकही वाक्य अलोइसच्या तोंडात येईना. काहीतरी बोलायला हवं होतं, लगेच, लहानसं, तिला पटेल असं, आणि जिभेवर आलं ते त्याने बोलून टाकलं. अशा वेळी झांजवाला जे सांगतो तेच.

"पट्टा निसटला."

बोलल्याबरोबर त्याला कळलं आपण काय बोललो ते. टिलीने हात मांडीवर घेतले आणि आपली फुगलेली बोटं एकदा उघडून मिटून पाहिली.

"सुटली का गाठ," ती म्हणाली.

"तसं नाही. घामामुळे. हाताला घाम आला होता."

"घामाने गाठ सुटत नाही, मी जीनगराची मुलगी आहे." ती शांतपणे बोलत होती, चिडली असती तर बरं झालं असतं. "गुरुवारीच मला वाटलं होतं रे, शेवटचा पदर बसला नाही म्हणून. तुला म्हणणार होते, की दुसऱ्या कुणाकडून करून घे. पण मला वाटलं, हे एक तरी आपण करावं. अख्ख्या शहरासमोर मान खाली घालायला लावली मी तुला."

"टिली, ऐक माझं..."

"शेवटच्या वेळेला," ती म्हणाली.

त्याने आणि फ्राउ स्मेकालने तिला खुर्चीत बसवून वर नेलं. दर सहा पायऱ्यांवर थांबावं लागलं. डॉक्टरला बोलवायला फ्राउ स्मेकाल खाली पळाली. अलोइसने टिलीला खाटेवर निजवलं, पाय चोळले, वर दोन पांघरुणं घातली. रेडिओ अजून चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं, तो त्याने बंद केला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. आता नाही तर कधीच नाही. त्याने तोंड उघडलं.

"पिशवी आण इकडे," टिली म्हणाली.

"कशाला आता? पड गं तू."

"झांज आण. उघडी गाठ ठेवून मी नाही झोपणार. पुन्हा बांधते. या वेळी तू ओढ, मी पदर धरते."

"उद्या बांधू."

"लोइस," ती म्हणाली, "आण."

तो स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं. पिशवीतून झांज काढून टेबलावर पालथी घातली. गाठ जशीच्या तशी होती, चारी पदर एकात एक बसलेले, कुठे केसभर फट नाही. तिने पाहिली असती तर तिला एका नजरेत कळलं असतं. त्याने नखाने एक पदर उचकटायचा प्रयत्न केला. नख तुटलं. जेवणाच्या काट्याचं टोक घातलं, ते वाकलं. मग खाली वाकून दातात पदर धरला आणि ओढला. गुरुवारी ती ओढत होती तसाच. तोंडात चरबीची आणि कातड्याची चव आली. गाठ हलली नाही.

"सापडली का रे?" टिलीने आतून विचारलं.

"आलो," तो म्हणाला, आणि पुन्हा दात लावले.